ऐकलं तसं लिहिता आलं पाहिजे : एकाच विषयाच्या ब्लॉगसाठी डोमेन नाव निवडताना

हुरड्याच्या दिवसांत माझी आतेबहीण मंगळवेढ्याहून सोलापुरात आमच्याकडे राहायला आली होती. तिला ज्वारीवर लिहायचं होतं. पेरणीपासून भाकरीपर्यंत आणि कणसापासून कडब्यापर्यंत सगळं, आपल्या मराठीत. दोन वह्या भरून मजकूर तयार होता, फोनमध्ये शेताचे आणि चुलीचे फोटो होते. घोडं अडलं होतं ते ब्लॉगच्या डोमेन नावापाशी, म्हणजे ब्लॉग उघडायला लोक जो पत्ता टाइप करतात त्यापाशी. "दादा, नाव काय देऊ सांग," म्हणून ती बसली. मला वाटलं दोन तासांत उरकेल, प्रत्यक्षात नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आम्ही काय केलं, ते क्रमानं सांगतो. तुमचा विषय चादरी असेल, डाळिंब असेल, नान्नजचा माळढोक असेल, तरी वाट हीच आहे.

आधी एक गोष्ट. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राचा खरा पत्ता आकड्यांचा असतो. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये नावांची व्यवस्था आखली गेली आणि १९८५ पासून डॉट कॉमची नावं मिळू लागली. नाव लक्षात राहावं यासाठीच ही सारी खटपट झाली. तेव्हा जे नाव लक्षात राहत नाही किंवा ऐकून लिहिता येत नाही, ते कितीही देखणं असलं तरी कामाचं नाही.

पहिली पायरी : विषय एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा, मनात नको. बहिणीनं पहिल्यांदा लिहिलं, "हुरडा पार्टीची माहिती." मी विचारलं, होळीनंतर काय लिहिशील? हुरड्याचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, आणि तिच्या वह्यांत तर उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी कशा रचायच्या इथपासून भाकरीचं पीठ किती दिवस टिकतं इथपर्यंत सगळं होतं. मग वाक्य बदललं : "आपल्याकडची रब्बीची ज्वारी, शेतापासून ताटापर्यंत." वाक्य रुंद झालं तसं नावही रुंद लागणार हे कळलं. नाव विषयापेक्षा अरुंद घेतलं की दोन वर्षांनी तुम्हीच त्यात मावत नाही. उलट फार रुंद घेतलं, 'शेती' किंवा 'खाद्य' असलं काही, तर ते कुणाचंच वाटत नाही.

दुसरी पायरी : शब्द गोळा करा

इथं लोक घाई करतात. संगणकासमोर बसून दोन इंग्रजी शब्द जोडतात आणि मोकळे होतात. त्यापेक्षा त्या विषयात ज्यांचे हात रोज असतात त्यांच्याशी बोला. आम्ही आत्याला फोन लावला, पिठाच्या गिरणीवाल्याशी बोललो, शेजारच्या काकूंना भाकरी थापताना प्रत्येक वस्तूचं नाव विचारलं. तासाभरात चाळीसेक शब्द जमले. शाळू, जोंधळा, मालदांडी, कणीस, हुरडा, आगटी, कडबा, खळं, रास, काठवट, आधण, उंडा, पापुद्रा.

या यादीत एक गोष्ट लगेच दिसते. जे शब्द वाचताच डोळ्यांसमोर वस्तू उभी राहते, तेच लक्षात राहतात. 'पापुद्रा' म्हटलं की फुगलेली भाकरी आणि तिच्यातून निघणारी वाफ दिसते. 'पोषण', 'समृद्धी', 'वारसा' म्हटलं की काहीच दिसत नाही. सोलापुरात कुणालाही विचारा, 'सात रस्ता' एकदा ऐकलं की माणूस विसरत नाही, कारण नावातच जागा दिसते. तुमच्या नावानं एवढं केलं की निम्मं काम झालं.

तिसरी पायरी : रोमन लिपीची चाळण

मराठी माणसाची खरी परीक्षा इथं आहे, म्हणून मी इथं जरा जास्त थांबतो. आपण नाव मराठीत ठरवतो, उच्चारतो मराठीत, पण बहुतेक लोक ते पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांनी टाइप करतात. त्या अक्षरांत ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा नियम नाही, त-ट हा भेद नाही. आपल्याला स्वच्छ दिसणारं नाव तिकडे जाताना वेडंवाकडं होतं.

शाळूचंच बघा. आमच्या दोघांच्या मनात आधी तेच भरलं होतं. छोटा शब्द, गोड शब्द, आपल्याकडच्या रब्बीच्या ज्वारीचं घरगुती नाव. लिहून बघितलं : एस-एच-ए-एल-यू. बायकोनं वाचलं, "शालू." कापडाच्या गावात शालू म्हटलं की लग्नातली साडीच आठवणार, ज्वारी कुणाच्या ध्यानात येणार? बाहेरगावच्या एका ओळखीच्याला पाठवलं, त्याला ते मुलीचं नाव वाटलं. बहिणीला वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण शाळू यादीतून गेला.

'मळा' घ्या. रोमनमध्ये तो एम-ए-एल-ए, आणि 'माला'ही तेच, 'मला'ही तेच. हातमागावर लिहिणाऱ्यांनी तर जपूनच राहावं. 'हातमाग' रोमनमध्ये लिहिला की इंग्रजी वाचायची सवय असलेला डोळा त्यात आधी टोपी बघतो आणि मग मासिक.

आता शब्दलेखन किती तऱ्हांनी होतं ते मोजा. 'काठवट' हा किती सुंदर शब्द, पण त्यातला 'व' कुणी व्ही-नं लिहितं, कुणी डब्ल्यू-नं. 'ठ' नंतर कुणी ए घालतं, कुणी घालत नाही. 'का' साठी कुणी एक ए, कुणी दोन. एवढ्यातच आठ तऱ्हा झाल्या. जोंधळ्यातला ज ऐकून कुणी जे लिहितं तर कुणी झेड. भाकरी ए घालूनही लिहितात, न घालताही, शिवाय गुजरातेतली भाखरी वेगळीच, ती एका एच-नं जवळ येते.

माझा नियम असा : एका शब्दाच्या दोनपेक्षा जास्त लेखनतऱ्हा निघाल्या तर तो शब्द सोडायचा. दोनच निघाल्या तर दोन्ही नावं विकत घेऊन एकीवरून दुसरीकडे वळवायचं. एकच निघाली तर देवाचे आभार मानायचे.

'मालदांडी' या चाळणीतून तरली. आठ अक्षरं, एम-ए-एल-डी-ए-एन-डी-आय. दहा जणांना लिहायला सांगितलं, नऊ जणांनी असंच लिहिलं, एकीनं पहिल्या 'मा' ला दोन ए दिले. शिवाय हे नाव आपल्या मातीतलं. शेतकरी ज्याला नुसतं मालदांडी म्हणतात ते एम ३५-१ वाण मोहोळच्या केंद्रात निवडलेलं. सोलापूर जिल्ह्याबाहेर मराठवाड्यात, कर्नाटकातही शेतकऱ्यांना ते ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला शब्दाचा नाद आवडतो.

दोन शब्द जोडणार असाल तर सांध्याकडे बघा. पहिला शब्द ज्या अक्षरानं संपतो त्यानंच दुसरा सुरू होत असेल तर टाइप करणारा एक अक्षर गाळतो. 'सोलापूर' आणि 'रुची' जोडलं की दोन आर शेजारी येतात, आणि दहातले पाच जण एकच लिहितात. जोडून झाल्यावर ते नाव रोमनमध्ये तीन-चार अनोळखी डोळ्यांना दाखवा. मधेच भलताच शब्द उमटलेला असला तर तो लिहिणाऱ्याला कधीच दिसत नाही, दुसऱ्याला पहिल्यांदा दिसतो.

गावाचं नाव घालावं का? मला विचाराल तर विषय गावाबाहेर जाणारच नसेल तरच. आपल्या शहराची तर दोन इंग्रजी रूपं आहेत, इंग्रजांच्या काळातलं एस-एच-ओ वालं आणि आताचं एस-ओ वालं. जुन्या कागदांवर आणि कंपन्यांच्या नावांत ते जुनं रूप अजून दिसतं. मंगळवेढ्याचंही तसंच, व्ही की डब्ल्यू.

चौथी पायरी : आकडे, जोडरेघा, लांबी

नियम थोडे आहेत. रोमन नावात फक्त अक्षरं, आकडे आणि जोडरेघ चालते, जोडरेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. मोकळी जागा नाही. लहान-मोठी लिपी एकच समजली जाते. ठिपक्याआधीचा भाग जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा, पण तुम्ही पंधराच्या आत राहा, बाराच्या आत राहिलात तर फारच चांगलं.

आकडा आणि जोडरेघ मात्र शक्यतो नकोच. बहिणीला 'एम ३५-१' हेच नाव घ्यावंसं वाटत होतं, कारण ते वाणाचं अधिकृत नाव. मी म्हटलं, फोनवर सांगून बघ. "एम, मग पस्तीस, आकड्यात, मग आडवी रेघ, मग एक, तोही आकड्यात." समोरचा म्हणाला, "परत सांगा की ओ." तिथंच ते नाव संपलं.

पाचवी पायरी : कानाची परीक्षा

यादी पाच नावांवर आली की ही परीक्षा घ्या, ती चुकवू नका. नवी पेठेत संध्याकाळी जा, किंवा एसटी स्टँडवर, जिथं गोंगाट आहे तिथं. ओळखीच्या माणसाला फोन करून नाव एकदाच सांगा. स्पेलिंग सांगायचं नाही. त्यानं जे टाइप केलं त्याचा फोटो मागवा.

आपल्या गावात ही परीक्षा जास्त कडक होते, आणि ते भाग्य आहे. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, दख्खनी उर्दू बोलणारी घरं असतात. माझा एक मित्र पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू. त्याला मी 'शेत' असलेलं एक नाव सांगितलं. त्यानं टी नंतर एच लावला, कारण तेलुगू आणि कन्नड माणसं 'त' हा टी-एच असाच लिहितात, नुसता टी म्हणजे 'ट'. त्याचं लिहिलेलं माझ्या मुलानं वाचलं, "शेठ." शेताचा शेठ झाला! त्या मित्रानं पाच मिनिटांत जे शिकवलं ते मला घरी बसून कळलं नसतं. म्हणून कमीत कमी तीन वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं घ्या, आणि त्यांतलं एक साठीच्या पुढचं असू द्या.

दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना पुन्हा फोन करा आणि फक्त विचारा, "काल कुठलं नाव सांगितलं होतं?" ज्यांना आठवलं त्यांचं उत्तर लिहून ठेवा. मालदांडी तिघांनाही आठवली. पापुद्रा दोघांना.

सहावी पायरी : ठिपक्यानंतर काय

डॉट कॉम लोकांच्या बोटांत बसलेलं आहे, ते मोकळं असेल तर घ्या. डॉट इन ही आपल्या देशाची ओळख, तिचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया बघते आणि २००५ पासून ती सगळ्यांना खुली आहे. मराठी वाचकांसाठी लिहिणाऱ्याला डॉट इन अजिबात कमी नाही. डॉट कॉमवर दुसऱ्या कुणाचं त्याच नावाचं दुकान असेल तर मात्र थांबा. तुमचे अर्धे वाचक चुकून तिकडे जातील. अशा वेळी डॉट इनवर समाधान मानण्यापेक्षा नावच बदललेलं बरं. नवनवीन शेपट्या पहिल्या वर्षी स्वस्त मिळतात आणि दुसऱ्या वर्षी कितीतरी महाग पडतात, त्यांच्या वाटेला मी जाणार नाही.

देवनागरीत नाव घेता येतं, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. 'डॉट भारत' २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीत सुरू झालं, मराठीसह आठ भाषांसाठी. आत यंत्राला ते रोमनमध्येच कळतं, एक्स-एन आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या एका साखळीत त्याचं रूपांतर होतं. म्हणून कधी दुवा पाठवला की समोरच्याला ती अगम्य साखळी दिसते आणि तो दचकतो. ईमेलचा पत्ताही अशा नावावर सगळीकडे चालत नाही. तरीही मी बहिणीला ते घ्यायला लावलं. मुख्य पत्ता रोमन, आणि देवनागरी पत्ता त्याच पानाकडे वळवलेला. आत्या फोनवर मराठी कळफलक वापरते. तिला तिच्या लिपीत दार हवं, आणि तिथं ळ हा ळच राहतो.

सातवी पायरी : दुसऱ्याचं तर नाही ना

नाव मोकळं दिसलं म्हणजे ते घ्यायला हरकत नाही असं होत नाही. आधी साध्या शोधात नाव टाका, देवनागरीत आणि रोमनमध्ये. मग सरकारच्या ट्रेडमार्क शोधात बघा, तो फुकट आहे, आणि आवाजानं जवळ जाणारी नावंही तपासा. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात सांगितलं की डोमेन नावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण आहे. तिथला वाद सिफी आणि सिफीनेट या जवळ जाणाऱ्या नावांचाच होता.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक बाब आहे. सोलापुरी चादर, सोलापूरचं डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन आहे, ज्वारीला आणि डाळिंबाला ते २०१६ मध्ये मिळालं. त्यांच्याविषयी लिहायला कुणाची आडकाठी नाही. पण उद्या त्याच पत्त्यावरून पीठ विकायचा विचार असेल, तर 'मंगळवेढा ज्वारी' हे नाव मालाला लावण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांचा असतो. नाव घेण्याआधी हे वाचून घ्या.

शोधात वर यावं म्हणून नावात सगळे शब्द कोंबायचे, 'उत्तम ज्वारी पीठ माहिती' असं काही, हा सल्ला अजून फिरतो. गूगलनं २०१२ मध्येच अशा नुसत्या नावाच्या जोरावर वर येणाऱ्या सुमार साइट्सना खाली ढकललं. तो काळ गेला.

आठवी पायरी : स्वतःच्या नावावर, स्वतःच्या हातानं

हे मी भोगून सांगतो. माझं पहिलं डोमेन नाव मी स्वतः घेतलं नव्हतं. साइट बनवून देणाऱ्यानं ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीन वर्षांनी त्यानं व्यवसाय बंद केला. नूतनीकरणाच्या, म्हणजे मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरण्याच्या, सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या. एके सकाळी माझ्या पत्त्यावर अनोळखी जाहिराती दिसल्या. जुन्या गिरण्यांतल्या कामगारांशी बोलून लिहिलेले लेख माझ्याकडे साठवलेले होते, पण लोकांनी जिथं जिथं त्यांचे दुवे दिले होते ते सगळे मेले. त्यांतले काही कामगार आता नाहीत. त्यांच्या नातवंडांकडे असलेले दुवे उघडत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून खातं तुमचं, ईमेल तुमचा (आणि तो त्याच डोमेनवरचा नको, नाव गेलं की ईमेलही जातो), फोन तुमचा. साइट कुणीही बनवो, त्याला हवी तेवढी परवानगी द्या, मालकी देऊ नका. नोंदणीत स्वतःचं खरं नाव घाला. दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा झाल्याशिवाय खातं उघडणार नाही. नाव दुसरीकडे हलवण्याला असलेलं कुलूप लावलेलंच ठेवा.

पैसे भरताना पहिल्या वर्षाचा दर बघू नका, नूतनीकरणाचा बघा. रक्कम भरायच्या पानावर पाच-सहा जास्तीच्या सेवा आधीच खूण करून ठेवलेल्या असतात, त्या एकेक वाचून काढून टाका. पत्ता आणि फोन लपवण्याची सोय डॉट कॉमवर फुकट मिळत असेल तर घ्या. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नाव घेता येतं. मी दोन-तीन वर्षांचं घ्या म्हणेन.

डॉट कॉमची मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिच्याप्रमाणे साधारण ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्याच दरात नूतनीकरण करता येतं, काही कंपन्या कमी दिवस देतात. मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवसांत ते बाजारात मोकळं होतं, आणि अशी नावं टिपायला यंत्रं टपलेली असतात. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. कंपनी परदेशी असेल तर आपल्या कार्डांवरून परस्पर पैसे कापले जाणं कधी कधी अडतं आणि कळतही नाही.

नाव घेतल्यावर

त्याच दिवशी इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबवर तेच नाव अडवून ठेवा, वापरायचं नंतर बघू. छापताना रोमन नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करा, पत्त्याला फरक पडत नाही, वाचणाऱ्याला पडतो. वर देवनागरी नाव, खाली रोमन, असं ठेवा.

बहिणीनं मालदांडीला आणखी एक छोटा शब्द जोडून नाव घेतलं, जानेवारी संपता संपता. आत्याला फोनवर एकदाच सांगितलं, तिनं मराठी कळफलकावर लिहिलं आणि पान उघडलं. जाण्याआधी बहिणीनं आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या वर्षीच्या पानावर एक खूण करून ठेवली. सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आमची जानेवारीतली जत्रा, भरला की नूतनीकरण झालंय का ते बघायचं, आणि तिच्या ध्यानात नाही राहिलं तर मी फोन करायचा.